आईच्या गुडघ्यांखाली वीज

वसईत जमीन गरम करायला वीज लागते, हे ऐकून आमच्या नंदाखाल गावात जो तो मला हसला. "मे महिन्यात सांग, फुकटात तापवून देतो," शेजारी म्हणाला. मी कोणाला समजावत बसलो नाही. एक तर राग कायम माझ्या नाकावर असतो. दुसरं म्हणजे, डिसेंबरातल्या पहाटे केळीच्या वाडीतल्या घराची लादी किती गार पडते, हे इथे प्रत्येकाच्या तळव्यांना ठाऊक आहे.

प्रश्न आईच्या गुडघ्यांचा होता. ऐंशी पार केलेली बाई, पण पहाटे आणि संध्याकाळी तिच्या खोलीतल्या आल्तारासमोर, म्हणजे येशूच्या देव्हाऱ्यासमोर, गुडघे टेकून रोझरी म्हणणार म्हणजे म्हणणार. तीही उघड्या लादीवर. खुर्ची नको, उशी नको, चटईसुद्धा नको. "देवापुढे मऊ कशाला?" हा तिचा सवाल. मागच्या थंडीत प्रार्थना संपवून उठताना आखडलेले गुडघे सरळच झाले नाहीत आणि ती कुशीवर पडली. खुब्याच्या हाडाला चीर गेली, तीन महिने अंथरुणात काढले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा पडल्या तर उठतीलच असं नाही." तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता.

मी पंचवीस वर्षं जहाजावर इलेक्ट्रिशियन होतो. थंड मुलखातल्या बंदरांवर लादीखाली गरम होणाऱ्या तारा पाहिल्या होत्या. आई बदलत नाही तर लादी बदलू, असं ठरवलं आणि जाळीवर शिवलेली ती तार मागवली.

काम सोपं आहे, पण एकदा लादी बसली की चूक दिसत नाही. मिस्त्रीच्या थापीचं टोक तारेला लागलं तर? म्हणून मी मीटर घेऊन त्याच्या डोक्यावरच उभा राहिलो. तार अंथरल्यावर रेझिस्टन्स एकशे शहात्तर ओहम. सिमेंटचा माल पसरल्यावर तेवढाच. लादी बसल्यावरही तेवढाच. करंट जराही गळला तर आपोआप पडणारा स्विच बसवला आणि तो पडतो की नाही हे दहा वेळा पाहिलं. मिस्त्री म्हणाला, "शेठ, एवढी काळजी तर पोरीच्या लग्नातपण कोण करत नाय." त्याचं काय जात होतं? त्या लादीवर त्याची आई गुडघे टेकणार नव्हती.

कोपऱ्याजवळ, दोन तारांच्या मधे, एका नळीत सेन्सर सरकवला होता. तिथली लादी अठ्ठावीस अंशांवर गेली की भिंतीवरचा थर्मोस्टॅट वीज तोडणार, थंड झाली की पुन्हा जोडणार. तीन आठवडे माल सुकू दिला आणि मगच बटण दाबलं. आई वाकून हात लावत म्हणाली, "उन्हातल्या ओट्यासारखी लागते रे!" मला एवढं बरं वाटलं की मी उठून बाहेर गेलो.

दुसऱ्याच दिवशी तिने त्या लादीवर वालाचे दाणे पसरलेलं सूप वाळत ठेवलेलं दिसलं आणि मी भडकलो. "खाली वीज आहे! काही ठेवायचं नाही म्हटलं ना? जाळून घ्यायचंय का सगळं?" आईने सूप उचललं.

नाताळच्या आठ-दहा दिवस आधी खोड सुरू झाली. सकाळी सहाला मी खोलीत गेलो तर आई आल्ताराशेजारच्या बाकाला धरून कशीबशी उठत होती. लादीला हात लावला, गारठलेली.

"आय, गरम नव्हती?"

"होती थोडी," ती म्हणाली. साफ खोटं.

थर्मोस्टॅट मात्र अठ्ठावीस दाखवत होता. दहा वाजता पाहिलं तर सगळं ठीक, लादी ऊबदार. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. सेन्सर बिघडला असेल म्हणून तो नळीतून ओढून काढला आणि नवा घातला. तिसऱ्या पहाटेही थर्मोस्टॅटवर अठ्ठावीस आणि लादी गार.

मग डोक्यात किडा शिरला. सेन्सर खरं सांगत असेल तर? म्हणजे फक्त त्या कोपऱ्यातच उष्णता साचतेय. तिथे तार दुमडली असेल, किंवा जोड सैल होऊन तापत असेल. तो तापतो, थर्मोस्टॅट फसतो आणि बाकीची लादी गार पडते. आज नुसता तापतोय, उद्या जळेल. आणि त्यापासून हातभर अंतरावर माझी आई, उघड्या गुडघ्यांनी. वीज चालू ठेवावी तर ही भीती, बंद करावी तर थंडीने ती पुन्हा पडण्याची भीती. सगळ्यांवर खेकसत होतो. एकच गोष्ट बरी चालली होती, ती म्हणजे सकाळचे फुगे, आंबवलेल्या पिठाचे गोल वडे. नाताळ जवळ आला की आई ते तळते, आणि यंदा ते कापसासारखे हलके झाले होते. मी तसं म्हटलंही. आई चुलत्यांकडे पाठवायचा डबा भरत राहिली.

शेवटी मिस्त्रीला सांगितलं, उद्या छिन्नी घेऊन ये, लादी फोडायची आहे. आई म्हणाली, "नको रे फोडू, मला चालते गार." मी तिच्यावरही ओरडलो.

फोडण्याआधी नेमकी जागा हवी होती. म्हणून त्या पहाटे सहाची वाट न पाहता पाचलाच मीटर घेऊन तिच्या खोलीचं दार उघडलं. आल्तारावर मेणबत्ती होती. आई गुडघ्यांवर, हातात माळ. आणि कोपऱ्यात, बरोबर सेन्सरच्या डोक्यावर, गोधडीत गुंडाळलेला मोठा टोप. फुग्यांचं पीठ. थंडीत ते फुगत नाही, आणि स्वयंपाकघरातली चूल काढून गॅस आणल्यापासून घरात ऊब धरणारी दुसरी जागा उरली नव्हती. गोधडीखाली उष्णता कोंडत होती, थर्मोस्टॅट वीज तोडत होता, आणि मी उठायच्या आत टोप परत स्वयंपाकघरात जात होता. तार धडधाकट होती.

हे सगळं मला एका क्षणात कळलं, पण आईने मला त्याच्याही आधी पाहिलं.

"काडते, काडते, ओरडू नको," म्हणत ती बाकाला न धरताच घाईने उठली. गुडघे सरळ झाले नाहीत. ती टोपाच्या बाजूला कलली. मी मीटर टाकून धावलो आणि ती माझ्या अंगावर आली, आम्ही दोघंही खाली बसलो. तिचे गुडघे माझ्या हाताला लागले, बर्फासारखे.

"लागलं का?"

"नाय. टोप काडते हां. तू घरात नसताना पण आता नाय ठेवणार." मग माळ सावरत, "तुझी लादी बरी होऊ दे म्हणून रोज देवाला सांगते रे."

मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"राहू दे टोप," मी म्हणालो. "पीठ फुगू दे."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी आता ओरडतो की मग, याचा अंदाज घेत.