चाचांचा उचललेला हात

"ओ चाचा, थांबून काहून राह्यले? वाजवा ना!" शिरपूरच्या वरातीत नवरदेवाचा मामा एक पाय हवेत धरून ओरडत होता.

आमच्या बँडातले हे चाचा काँगो म्हणजे उभा ढोल नुसत्या पंजांनी वाजवतात. मोबाईलवर क्यूबाचे ताल ऐकून त्यात त्यांनी जॅझ आणि सोल असं काही कालवलंय, की घोडीसुद्धा कंबर हलवते. खोटं वाटत असेल तर घोडीला विचारा. पण रंगात आलं की ते हात वर उचलतात आणि कान पुढे करतात. तिकडे क्यूबात म्हणे तेवढ्यात समोरचा वाजवणारा जवाब देतो. इकडे अख्खा वाशिम जिल्हा पालथा घातला तरी जवाब देणारा सापडायचा नाही, आणि तेवढ्यात वरात लंगडते.

"ती मधली रिकामी जागा भरा, नाहीतर डीजे बोलावतो!" मामा म्हणाला.

चाचांनी मान डोलावली, पुन्हा वाजवलं आणि नेमका तिथंच हात उचलला. मामाने डीजे बोलावला.

परतताना टेम्पोत मी म्हटलं, "चाचा, जवाब द्यायला क्यूबातून इथं कोणी येनार नाही."

"मले मालूम हाय," ते म्हणाले.