शेजाऱ्याच्या खिडकीत

लेकीला लिश्टेनस्टाइनमध्ये नोकरी लागली, म्हणून तिच्याबरोबर व्हिसा केंद्रात गेलो. त्या देशाची खिडकी काही सापडेना.

"काका, त्यांचा व्हिसा स्वित्झर्लंडच देतं. त्या रांगेत थांबा," रखवालदार म्हणाला.

एवढासा देश, परक्याला दार उघडण्याचं कामही शेजाऱ्यावर सोपवून निवांत बसलेला. मला हेवा वाटला. कुणाचे उपकार नकोत म्हणून मी वीस वर्षांत शेजारी विरजणसुद्धा मागितलं नाही. त्या हिशेबीपणाचाही आता थकवा येतो.

"आई आता राहिली नाही, त्यात मीही जाणार. रात्री छातीत दुखलं तर कुणाला हाक माराल, बाबा?" लेकीनं रांगेतच विचारलं.

परतल्यावर समोरच्या देशमुखांची बेल वाजवली. "आमची एक किल्ली तुमच्याकडे ठेवाल?"

"मग आमचीही न्या," ते म्हणाले. "तुम्हाला विचारायचा धीरच होत नव्हता."