माझा खांदा आणि खचणारी बिल्डिंग

तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. तरी सांगते. कारण आमच्या बिल्डिंगमधले लोक हीच गोष्ट सांगतात तेव्हा त्यात मीठमसाला फार घालतात. माझ्याकडून निदान खरं तरी कळेल.

आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहतो. चार मजले, लिफ्ट नाही. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर! आधी फळीवरचा डबा निघेना, मग पाठीमागे हात जाईना, शेवटी वेणीसुद्धा घालता येईना. आमच्या ह्यांनी एकदा घालून दिली. अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं बोल्ट आवळलेला माणूस! वेणी अशी आवळली की दिवसभर माझ्या भुवया वर.

डॉक्टर म्हणाले, "शुगर असली की होतं असं. गोळीपेक्षा व्यायाम महत्त्वाचा." फिजिओथेरपीच्या मॅडमनी शिकवलं. भिंतीसमोर उभं राहायचं, दोन बोटं कोळ्यासारखी भिंतीवर चढवायची, थांबतील तिथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख घालायची. दुसऱ्या दिवशी त्या रेघेच्या वर जायचं. "एक दिवससुद्धा चुकवायचा नाही हं, काकू!"

मी कशाला चुकवते? पण रेघा मारायच्या कुठे? घरात नुकताच रंग दिला होता. हे म्हणाले, "भिंतीला पेन्सिल लावलीस तर बघ!" म्हणून मी गच्चीच्या दारापाशी, जिन्याची भिंत गाठली. तिथे कुणी फिरकत नाही. रोज सकाळी सहाला जायचं, दातओठ खाऊन बोटं चढवायची, रेघ मारून खाली यायचं. रोज एक बोटभर प्रगती!

पंधरा-वीस दिवस झाले असतील. शेजारच्या लाजवंतीभाभी धापा टाकत आल्या.

"दीदी, अपनी बिल्डिंग बैठ रही है! रोज एक बोट! म्हात्रेभाऊंनी खुद बघितलं!"

आमच्याकडे स्लॅब पडल्याच्या बातम्या काय कमी येतात? एकदा 'धोकादायक इमारत' अशी नोटीस लागली की घर सोडा. आणि जायचं कुठे? ह्यांच्या फंडाचा सगळा पैसा या दोन खोल्यांत गेलेला.

संध्याकाळी खाली मीटिंग भरली. म्हात्रेभाऊ आमचे सेक्रेटरी. ते म्हणाले, "कोनतरी रोज येतंय आनि मापं घेतंय. म्युन्सिपालटीचाच मानूस असनार. गुपचूप रिपोर्ट बनवतंय. आता कोनी गच्चीकडं जाऊ नका. वर वजन नको."

कसलं माप, कुठे घेतलंय, कशाने घेतलंय? एकानेही विचारलं नाही. मी तर नाहीच! मीटिंगमध्ये जन्मात तोंड न उघडलेली मी, ताडकन उभी राहिले.

"मी घर सोडणार नाही! उद्यापासून मी गेटवर बसते. बघू कोण आत येतो ते!"

टाळ्या पडल्या. हे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू नवीनच लग्न झालंय.

दुसऱ्या दिवशी सहाला हळूच वर जाऊन व्यायाम उरकला. म्हात्रेभाऊंनी बंदी घातली होती, पण मॅडमनी बजावलं होतं ना! आणि दोन मिनिटांत माझं वजन ते किती पडणार? सव्वासहाला मी गेटवर खुर्ची टाकून हजर. दूधवाल्याला पिशवी उघडून दाखवायला लावली. गॅसवाल्याला गावाचं नाव विचारलं.

दहा वाजता म्हात्रेभाऊ वरून उतरले. चेहरा पांढराफटक.

"आज पन एक बोट!"

"अहो, माझ्यासमोरून चिटपाखरू आत गेलं नाही!"

"म्हंजे मानूस आतलाच."

"फितूर!" मी ओरडले. "सापडू दे मेला! सगळ्यांसमोर कान धरायला लावीन!"

असे चार दिवस गेले. रोज माझा पहारा, रोज एक बोट. रविवारी म्हात्रेभाऊंनी इंजिनीअर आणला. त्याच्या मागोमाग सगळी बिल्डिंग जिना चढली. वजनाचं कुणाला आठवलं नाही! गच्चीच्या दारापाशी त्याने भिंतीवर टॉर्च मारला.

"बघा साहेब," म्हात्रेभाऊ म्हणाले. "रेघ वर चढतेय, म्हंजे बिल्डिंग खाली चाललीय."

मी हळूच लाजवंतीभाभींच्या मागे सरकले.

इंजिनीअर वाकून वाचायला लागला. "तारीख... तारीख... इथे काहीतरी लिहिलंय. 'आज फार दुखलं.'" त्याने मागे वळून विचारलं, "कुणाला? बिल्डिंगला?"

कुणी हसलं नाही. हे पुढे झाले, चष्मा पुसला, नीट बघितलं.

"हे अक्षर मी किराणाच्या यादीत बघितलंय."

आता बोलण्यासारखं काय उरलं होतं? मी भिंतीपाशी गेले आणि सगळ्यांसमोर दोन बोटं चढवत नेली. शेवटच्या रेघेच्याही वर!

लाजवंतीभाभींचा आवाज आला, "दीदी... वो फितूर?"

"मीच."

मग कान धरले. दोन्ही! उजवा हात कानापर्यंत पोचला याचा मला तेवढ्यातही आनंद झाला, काय करू?

इंजिनीअरने खांब तपासले, बिल्डिंग ठणठणीत आहे म्हणाला आणि हसत निघून गेला. मी तिथेच जाहीर केलं, "ही भिंत मी स्वतः रंगवून देणार. माझ्या याच हाताने!" स्टूल घे म्हणून हे दहादा म्हणाले. मी घेतलं नाही. रंगकाम तर रंगकाम, खांद्यालाही व्यायाम! हात पोचला तिथवर भिंत पांढरीशुभ्र केली, त्याच्या वर जुनी पिवळी राहिली. मध्ये अगदी सरळ आडवी रेघ.

महिन्याभराने चौथ्या मजल्यावरची खोली भाड्याने बघायला एक जोडपं आलं. बदलापूरला नदीकाठी राहिलेली माणसं. गच्ची दाखवायला मीच त्यांना वर नेलं. बाई भिंतीसमोर थबकल्या, रेघेकडे बघून घाबरलेल्या आवाजात विचारलं, "अहो, पुराचं पाणी इथवर येतं?"

"छे हो!" मी घाईघाईने समजावलं. "पाणी कसलं? तो माझा हात आहे. अजून वर जाणार आहे!"

त्यांनी खोली घेतली नाही.