चहाच्या कपाचा लोटा

दोन हजार तीन-चारच्या सुमारास मी आरमोरीच्या एका खाजगी कॉम्प्युटर क्लासात शिकवत होतो. क्लास चालवणाऱ्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांचं ऑफिस वरच्या मजल्यावर. खाली दोन खोल्या: एकीत मी, दुसरीत टायपिंगचे सर, ज्यांना सगळे भाऊ म्हणत. बाईंचे गुडघे दुखायचे, म्हणून त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून हाका मारत. खाली टायपिंगचा सराव चालू असला की पोरांच्या कागदावर मधेच बाईंचं एखादं वाक्य उमटायचं.

एक दिवस त्या म्हणाल्या, "तू चंद्रपूरले जाऊन एवढं शिकून आला. मले बसल्या जागेवरून निरोप देता येईन, असं काई करता येत नाई काय?"

जिन्याच्या खिडकीतून वायर ओढून मी आमचे तिघांचे कॉम्प्युटर जोडले आणि पंधरा दिवसांत निरोपाचा प्रोग्राम लिहिला. पण समोरचा जागेवर आहे की नाही हे बाईंना कसं कळणार? म्हणून स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, आमचं प्रत्येकाचं एक चिमुकलं चित्र ठेवायचं ठरलं. उभे सोळा ठिपके, आडवे सोळा ठिपके. तेवढ्यात सगळं बसवायचं.

पहिल्यांदा मी साधे गोळे केले. जागेवर असला तर हिरवा, नसला तर लाल. बाई स्वतः जेवून परत आल्या, तर त्यांच्याच नावापुढे लाल गोळा. छत्तीस वर्षं लाल शाईनं पोरांना नापास केलेली बाई ती.

"माझ्या नावाले लाल शेरा? बदल आधी ते!"

मग मी आलेखाच्या वहीत स्केचपेननं चपला काढल्या. दाराशी चपला म्हणजे माणूस घरात, इतकं सोपं. भाऊंनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे वांगे काऊन काढले?"

चपला गेल्या. जागेवर असेल त्याच्यासाठी हिरवा गोळा ठेवला आणि लालऐवजी चहाचा कप काढला. पाच मिनिटं माउस हलला नाही की कप आपोआप दिसायचा: साहेब चहाला गेलेत. कपावर वाफेचे तीन ठिपकेही दिले. मला वाटलं, जमलं.

भाऊंची सवय अशी की ते पोरांचे कागद तपासायला बसले की दोन-दोन तास माउसला हात लावत नसत. त्या दिवशी दुपारभर त्यांच्या नावापुढे कप. चारच्या सुमारास बाईंनी वरून ओव्याची पुडी पाठवली. पाठोपाठ निरोप: "गरम पाण्यासोबत घ्या. आज तेलकट खाऊ नका."

भाऊ पुडी घेऊन माझ्या खोलीत आले. "बाईले कोनं सांगतलं का मी बिमार आहो?"

मी स्क्रीनजवळ वाकून नीट पाहिलं. बाईंना माझा कप लोटा वाटला होता. आणि आता मलाही तो लोटाच दिसत होता. वाफ तर फारच वाईट दिसत होती.

"मी दिवसभर खुर्चीवर बसून राह्यलो," भाऊ म्हणाले, "अन् तू मले लोटा देऊन धाडून राह्यला!"

कप उद्या बदलतो, असं मी म्हणालो. पण परीक्षा तोंडावर आल्या आणि ते राहून गेलं. भाऊंच्या नावापुढे मात्र त्यानंतर लोटा दिसला नाही. सदा हिरवा गोळा. मला वाटलं, माणूस शिकला.

शुक्रवारी बाईंनी त्यांना तीन निरोप पाठवले. गोळा हिरवा, उत्तर नाही. तिसरा निरोप होता, "ओवा पाठवला म्हणून रागावलात काय?" त्यालाही उत्तर आलं नाही, तेव्हा बाई कठडा धरत, एकेक पायरी मोजत समजूत काढायला खाली आल्या. त्यांना जिना उतरताना पाहून मीही मागे गेलो.

खोलीत भाऊ नव्हते. टेबल फॅन इकडून तिकडे मान हलवत होता. त्याच्या जाळीला सुतळी, सुतळीला माउस आणि माउसच्या दुसऱ्या बाजूला सायकलच्या ट्यूबची पट्टी खिळ्याला ताणून बांधलेली. फॅन वळला की माउस तिकडे, परतला की इकडे.

बाई रागावतील म्हणून मी तोंड उघडलं, तर त्या भाऊंच्या खुर्चीत बसून पदरानं डोळे पुसत हसत होत्या. तेवढ्यात भाऊ आले, हातातल्या पिशवीतून सुक्या झिंग्यांचा वास येत होता.

"बाजारात गेलो होतो जी," ते दाराशीच थबकून म्हणाले. "पण ते चित्र नोको होतं मले."

"मले सांगाचं नाई काय?" बाई म्हणाल्या. "आता हा फॅन तसाच राहू द्या. हवा चांगली येऊन राह्यली."

संध्याकाळी मी पाच मिनिटांचा नियम काढून टाकला. जाणाऱ्यानं स्वतः बटण दाबायचं आणि मगच रिकामी खुर्ची दिसायची, असं केलं. चार पाय, एक पाठ, बारा ठिपक्यांत बसली. तिला कोणी वांगं म्हटलं नाही, लोटा म्हटलं नाही, कोणी काहीच म्हटलं नाही. आठवडाभर मी वाट पाहिली. शेवटी राहवेना, म्हणून भाऊंना विचारलं, "खुर्ची कशी वाटते?"

"कोनती खुर्ची?" ते म्हणाले.