तासाच्या आतला माणूस

"कोस नको सांगू रे, टायम सांग."

मुरबाडला कुणी एखाद्या गावाचं नाव काढलं की शेठचा हात आधी कोटाच्या खिशात जायचा, साखळीचं घड्याळ बाहेर यायचं आणि मग हे वाक्य. समोरचा कुणबी गोंधळून जायचा. आमच्याकडे अंतर म्हणजे एक तर 'ही काय, हाकेवर', नाहीतर 'चिलीम संपेपर्यंत'. असं हाकेवरचं गाव दुपार टळली तरी येत नाही, हे तुम्हीही कधी ना कधी अनुभवलं असेल.

शेठ मूळचे इराणचे, यझदकडचे. तरुणपणी मुंबईत आले, तिथं राबले आणि पुढे मुरबाडच्या बाजारात चहापावाचं हॉटेल टाकून बसले ते कायमचे. गावातले अर्धे लोक त्यांना मुसलमान समजत, अर्धे पारशी. ते होते बहाई. मराठी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांकडूनच शिकलेले, त्यामुळे बोलायचे ते थेट तालुक्याच्या टोकाच्या वैशाखरे गावातल्या माणसासारखं.

घड्याळाचं कारण त्यांनीच मला सांगितलं. त्यांच्या धर्मात मयताला, जीव जिथं गेला तिथून तासाभराच्या वाटेपेक्षा लांब नेत नाहीत. तेवढ्यातच कुठेतरी पुरतात. आणि शेठ तो तास जीव गेल्या मिनिटापासून मोजत. गावाबाहेर, हॉटेलपासून वीस मिनिटांवर, बहाई लोकांनी घेतलेला जमिनीचा एक तुकडा होता. तारेचं कुंपण, चार थडगी आणि उरलेल्या जागेत गुलाब. चौथं थडगं शेठाणीचं. तिच्या शेजारी एका माणसापुरती जागा शेठनी मोकळी ठेवली होती, तिथं गुलाबसुद्धा लावला नव्हता.

"तिला सांगून ठेवलंय, बाजूला येतो म्हनून," ते म्हणायचे. "आता भाऊसाहेब, मी शहापूरला गेलो आनि तिथंच गचकलो, तर काय करू? ती वाट बघंल."

म्हणून शेठ शहापूरला गेले नाहीत. लग्नाचं आमंत्रण आलं तर नवऱ्या मुलाची चौकशी नाही, बैलांची चौकशी. पन्नास मिनिटांवरच्या एका लग्नात जेवणानंतर त्यांच्या छातीत कळ आली. त्यांनी तडक गाडी जुंपायला लावली, थेट कब्रस्तान गाठलं आणि शेठाणीच्या शेजारी आडवे झाले. निम्मा बाजार गोळा झाला. थोड्या वेळानं एक दणदणीत ढेकर आली, शेठ उठून बसले आणि म्हणाले, "ती नको बोलतेय अजून."

मी तेव्हा मामलेदार कचेरीत कारकून. एकदा वरून हुकूम आला की तालुक्यातली सगळी स्मशानं आणि कब्रस्तानं धर्मवार लिहून पाठवा. शेठना कचेरीत बोलावलं. मामलेदारसाहेबांनी विचारलं, "तुमचा देव कोणता?"

"एकच हाय, साहेब. तुमचा तोच आमचा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नमुना खालीवर पाहिला. त्यात सगळ्यांच्या देवांना जागा होती, एकाला रकाना नव्हता. मग साहेबांनी पुढचा प्रश्न टाकला, "सदर जागेत मयत पुरता की गुलाब लावता?"

"दोनी," शेठ म्हणाले.

तीन महिने कागद ठाण्याला जाऊन परत येत राहिला. शेवटी त्या जागेची नोंद 'बाग, मयतांसह' अशी झाली आणि सरकारचं समाधान झालं.

गावानं मात्र नमुन्याची वाट पाहिली नाही. शेठाणी हयात असताना आसपासच्या पोरांना एरंडेल पाजायची, त्या पुण्याईवर बाया तिच्या थडग्याला नारळ वाहू लागल्या, नवस बोलू लागल्या. शेठ रोज सकाळी गुलाबांना पाणी घालायला जात, तेव्हा नारळाच्या करवंट्या गोळा करत आणि डोक्याला हात लावत. "अगो, जिती होती तवा तिनं माजं कदी ऐकलं नाय. आता तुमचं काय ऐकनार?" पण बायकांना हाकललं मात्र नाही. तिची आठवण कुणी काढतंय, एवढ्यावर ते खूष असत.

वेळेच्या बाबतीत खोटं त्यांना खपत नसे. साहेबांच्या फिरतीची डायरी मी लिहायचो. डायरीतले साहेब वैशाखऱ्याला पाहणी करत असत तेव्हा खरे साहेब शेठच्या हॉटेलात आतल्या बाकावर मस्कापाव खात बसलेले असत. मी तिथंच लिहायला बसलो की शेठ खांद्यावरून डोकावत.

"भाऊसाहेब, हे खोटं हाय."

"शेठ, हळू बोला."

"वैशाखरं गाडीनं सात तास. साहेब दुपारच्या आत जाऊन आले? बैलांना पंख हायत काय?"

साहेब पाव चावायचे थांबत. मी खाडाखोड करी. तालुक्यात मला कुणी खोटं ठरवलं असेल तर त्या एका माणसानं, आणि तेही चहा पाजून.

शेठाणीला शेवटच्या हिवाळ्यात म्हसा गावच्या जत्रेतलं घोंगडं हवं होतं. "पुढच्या साली," असं शेठ म्हणाले आणि पावसाळ्याआधी ती गेली. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. पण म्हसा बैलगाडीनं अडीच तास. पुढे जत्रेसाठी सर्व्हिस मोटर सुरू झाली. लढाईमुळे पेट्रोल मिळेना म्हणून ती कोळशाच्या गॅसवर चाले, तरी ड्रायव्हरनं शपथेवर अर्धा तास सांगितला. शेठ निघाले. उतरल्यावर घड्याळ पाहून त्यांनी ड्रायव्हरची पाठ थोपटली.

जत्रेच्या बंदोबस्ताला कचेरीचा तंबू होता, मी तिथंच होतो. शेठ काळं घोंगडं खांद्यावर टाकून आले, पाणी मागितलं, तांब्या तोंडाला लावला आणि तसेच बसल्या जागी कलंडले. वैद्याला हाक मारेपर्यंत सगळं संपलं होतं. मी त्यांच्या खिशातून घड्याळ काढलं. अकरा वाजून दहा मिनिटं.

ड्रायव्हर धावला, पण मोटरची भट्टी विझलेली. ती पेटून गॅस धरायला पाऊण तास लागणार. पोलीस पाटलाला आधी पंचनामा हवा होता आणि पंचनाम्याला दौत सापडत नव्हती. अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली. मी, जन्मभर कागद पुढे सरकवत आलेला माणूस, तिथं नुसता उभा होतो.

सिद्धगडाकडचा एक कुणबी शर्यतीची जोडी विकायला घेऊन आला होता. गिऱ्हाईक बैलांच्या दातांना हात लावून उभं होतं. कुणब्यानं त्याला बाजूला सारलं आणि बैल छकड्याला जुंपले.

"तासाचा मानूस हाय तो," तो पाटलावर ओरडला. "तुमची शाई नंतर घाला. चढवा त्याला!"

घोंगडं खाली अंथरून आम्ही शेठना वर घेतलं. दोघांनी त्यांना धरलं, मी घड्याळ धरलं. बैल असे सुटले की रस्त्यावरची माणसं शर्यत समजून टोप्या उडवू लागली. शेठचं डोकं माझ्या मांडीवर आपटत होतं. "किती झालं?" गाडीवान दर वळणाला विचारी. मी सांगत गेलो, खरं सांगत गेलो. मुरबाडच्या अलीकडच्या ओढ्यात चाक रुतलं. आम्ही उतरून खांदे लावले. चाक निघालं तेव्हा बारा वाजून तेरा मिनिटं झाली होती.

"किती झालं, भाऊसाहेब?"

"हाण," मी म्हणालो. "टायम आहे."

गुलाबांच्या कुंपणाशी पोचलो तेव्हा बैलांच्या तोंडाला फेस होता. हॉटेलात गल्ल्यावर बसलेल्या शेठच्या पुतण्याला बोलावलं. त्यानं काकांना धुतलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलं, खड्डा तयार करवून घेतला. मग माझ्याकडे वळला.

"तासाच्या आत आनलंत?"

गाडीवान माझ्याकडे पाहू लागला. सगळेच पाहू लागले.

"पाऊण तास," मी म्हणालो.

पुतण्यानं मान हलवली. त्यानं उभ्यानं प्रार्थना म्हटली, बाकीचे गप्प उभे राहिले आणि मोकळ्या ठेवलेल्या जागेत, शेठाणीच्या बाजूला, आम्ही शेठना उतरवलं. कचेरीत मी हुकमानं पुष्कळ खोटं लिहिलं. हे एवढंच माझं स्वतःचं. ते पकडू शकेल असा तालुक्यात एकच माणूस होता आणि त्याच्यावर मी माती लोटत होतो. त्यानं मला खोटं ठरवावं म्हणून मी क्षणभर खरंच थांबलो.