मॅलकी टूहीची पक्की जागा

किलक्रीवीच्या पंचक्रोशीत माणूस गेला की आधी पाद्री यायचा आणि त्याच्या मागोमाग मॅलकी टूही. काउंटी कौन्सिलवरची त्याची सारी कारकीर्द या अंत्यविधींवर उभी होती. घरच्यांचे हात दोन्ही हातांत धरायचे, "फार वाईट झालं हो" म्हणायचं, चहा घ्यायचा. निघताना दारात कुणीतरी तुंबलेल्या गटाराचा विषय काढायचंच. ते गटार तो खरोखर साफ करून घ्यायचा, हे कबूल करायला हवं. म्हणूनच दर निवडणुकीत लोक त्याच्या नावापुढे पेन्सिलीने एकचा आकडा घालत. इथे एका भागातून बरेच जण निवडून येतात, आणि मतपत्रिकेवर उमेदवारांना पसंतीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे द्यायचे असतात.

यंदा पक्षाने त्याच्या जोडीला ऑर्ला फेही ही तरुण शिक्षिका उभी केली आणि मॅलकीच्या अंगात औदार्य संचारलं. "माझी जागा पक्की आहे," तो दारोदार सांगत सुटला, "एकचा आकडा पोरीला द्या, दोनचा मला." आमच्या पश्चिम आयर्लंडात उमेदवाराने एक वेळ शिव्या खाव्यात, पण पक्का म्हणवून घेऊ नये. पक्क्या माणसाला मत देतो कोण? हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण कौतुकाची चटक लागली की भलेभले चुकतात.

शाळेच्या व्यायामशाळेत मोजणी चालली होती. बाकीच्या जागा भरल्या. शेवटच्या एका जागेसाठी दोघंच उरली, मॅलकी आणि ऑर्ला. बाद झालेल्या उमेदवारांच्या मतपत्रिका पुढचा आकडा बघून या दोघांत वाटल्या जात होत्या. कठड्याला रेलून मॅलकी ते दोन गठ्ठे बघत होता. कधी तिचा उंच वाटे, कधी त्याचा.

"काय मॅलकी, पक्का ना?" विरोधी पक्षाच्या डेक्लनने दात काढले.

"तुझ्या मयताला येईन, एवढं पक्कं!"

कुणीच हसलं नाही.

अधिकाऱ्याने दोघांना जवळ बोलावलं. ऑर्ला दोन मतांनी पुढे होती. "फेरमोजणी हवी असेल तर आत्ताच सांगा," तो मॅलकीला म्हणाला.

"माग, माग!" कार्यकर्ते ओरडले. मॅलकीने तोंड उघडलं, तोच बायकोने, नूलाने, त्याची बाही ओढली. तिचे डोळे भरले होते.

"मी एकचा आकडा तिला दिला रे," ती पुटपुटली. "तूच म्हणालास ना, पक्का आहेस. म्हटलं, पोरीला तेवढंच बरं वाटेल."

मॅलकीला राग आला, भयंकर आला. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

"रडू नकोस," तो म्हणाला. "मीपण तिलाच दिला."

"काय?"

"स्वतःलाच एक द्यायचा, बरं दिसत नाही."

तो अधिकाऱ्याकडे वळला. "फेरमोजणी नको. मोजणी बरोबर आहे."

ऑर्ला पुढे आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मॅलकीकाका, मला हे असं नको होतं हो."

"सोमवारी हेशनच्या आईचा अंत्यविधी आहे," तो म्हणाला. "चहा घेतल्याशिवाय निघू नकोस. आणि दारात जरा थांब."

सोमवारी तोही गेला. त्याने हात धरले, चहा घेतला. निघताना सवयीने दारात थांबला. गटाराची तक्रार घेऊन आलेला माणूस त्याला ओलांडून ऑर्लाकडे गेला.