नाव टाकणाऱ्याच्या कानातलं पुस्तक

इतवारीतल्या भांड्यांच्या गल्लीत नत्थूजी एकतीस वर्षांपासून स्टीलवर नावं टाकतात. दुकान बापूजींचं. दाराच्या डाव्या हाताला एक बाकडं आहे आणि त्यावर जाड पेनाएवढी विजेची मशीन. गिऱ्हाईक चिठ्ठीवर नाव लिहून देतं आणि नत्थूजी ते वाटीच्या काठाखाली, आधी पेन्सिलीची खूण न करता, थेट कोरतात. स्टीलवरचं चुकलेलं अक्षर पुसता येत नाही. त्यामुळे या कामात अक्षर सुबक असण्यापेक्षा ते न चुकण्याला जास्त मोल आहे. नत्थूजींचं अक्षर सुबकही आहे.

त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत झालं. चिठ्ठीवरचं नाव ते झरझर वाचतात, पण पानभर मजकूर समोर आला की तिसऱ्या ओळीला डोळे थकतात. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत त्यांनी एकही पुस्तक पुरतं वाचलेलं नव्हतं. आज ते एकोणसाठ वर्षांचे आहेत आणि त्यांची चौतीस पुस्तकं झाली आहेत. सगळी ऐकून.

सुरुवात मुलीमुळे झाली. मयुरा मिहानमधल्या एका कंपनीत काम करते. तीन वर्षांपूर्वी तिने वडिलांच्या फोनवर ऑडिओबुकचं ॲप टाकून दिलं. पहिला महिना फुकट होता आणि त्यासोबत एक क्रेडिट मिळालं होतं. एका क्रेडिटवर कोणतंही एक पुस्तक घ्यायचं. नत्थूजींनी समोर दिसलं ते घेतलं. ते चाळीस मिनिटांत संपलं.

"आता?" त्यांनी मुलीला विचारलं.

"आता पुढच्या महिन्यात, बाबा."

हा धडा त्यांना पुरला. भांड्यांच्या दुकानातल्या माणसाला तो लगेच कळला. "वाटी घ्या का पान्याचा गुंड घ्या, कुपन एकच लागते," ते म्हणतात. "मंग वाटी काहून घ्याची?" तेव्हापासून पंधरा तासांपेक्षा लहान पुस्तकावर त्यांनी क्रेडिट खर्च केलेलं नाही. लहान गोष्टी ते ॲपमध्ये क्रेडिटशिवाय मिळणाऱ्या यादीतून ऐकतात. दोन वर्षं मयुरा महिन्याचे पैसे भरत होती. गेल्या वर्षी जूनमध्ये तिने वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं. ते स्वस्त पडतं आणि बाराही क्रेडिटं एकदम मिळतात. अट एकच होती, ती वर्षाच्या आत वापरायची.

पुस्तक निवडायची त्यांची रीतही दुकानातच तयार झाली. प्रत्येक पुस्तकाचा पाच मिनिटांचा नमुना फुकट ऐकता येतो. नत्थूजी तो मशीन चालू ठेवून ऐकतात. मशीनच्या घरघरीत वाचणाऱ्याचं निम्मं कळलं, तर पुस्तक घ्यायचं. लेखक कितीही मोठा असो, वाचणारा शब्दांची शेपटं गिळत असेल तर पुस्तक बाद. घेतल्यावर पटलं नाही तर ठरावीक दिवसांत ते परत करून क्रेडिट परत मिळवता येतं, हेही त्यांना ठाऊक आहे. तीन वर्षांत त्यांनी ही सोय एकदाच वापरली.

पत्नी पुष्पलताबाईंचं मत वेगळं आहे. "घरी दहादा हाक मारली तं आयकू येत नाई," त्या म्हणतात. "अन् मशीनच्या आवाजात पुस्तक बराबर आयकू येते!"

हुडकेश्वरच्या घरून इतवारीपर्यंत नत्थूजी तेव्हा सायकलने यायचे. सायकलवर कानात काही घालायचं नाही, हा नियम त्यांचा त्यांनीच केला होता. घरी टीव्ही असतो आणि माणसं असतात. त्यामुळे त्यांचं सगळं ऐकणं बाकड्यावर व्हायचं, एका कानात हेडफोन घालून. दुसरा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा. दोन वर्षं हे सुरळीत चाललं. गेल्या ऑगस्टमध्ये ते मोडलं.

कृष्णकांत नावाचे एक निवृत्त सरकारी अधिकारी दुकानात आले होते. त्यांच्या आई, यमुताई, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी वारल्या होत्या. तेरवीला वाटण्यासाठी त्यांना एक्कावन्न वाट्या हव्या होत्या आणि प्रत्येकीवर 'कै. यमुताई यांच्या स्मरणार्थ' असं नाव. नत्थूजींनी काम दुपारी पुरं केलं आणि खोकं गेलं. दुकान बंद व्हायच्या सुमाराला कृष्णकांत परत आले. त्यांनी गल्ल्यासमोर आठ वाट्या ओळीने मांडल्या.

"ही सुलक्षणा कोण?"

बापूजींनी चष्मा लावून पाहिलं. आठही वाट्यांवर, त्याच वळणदार अक्षरात, 'कै. सुलक्षणा यांच्या स्मरणार्थ' असं कोरलेलं होतं.

"आमच्या घरात या नावाची बाई नाही," कृष्णकांत म्हणाले. "कधी नव्हती. उद्या तेरवी आहे. लोक मला विचारतील, तुमच्याकडे आणखी कोण गेलं?"

नत्थूजींना तोवर कळलं होतं. "पुस्तकातली हाय जी," ते म्हणाले.

त्या दुपारी त्यांच्या कानात एक रहस्यकथा चालू होती. त्यातली सुलक्षणा नावाची बाई बेपत्ता होती आणि सगळे तिला शोधत होते. डोळ्यांसमोर चिठ्ठी होती, पण हाताने कानाचं ऐकलं. नत्थूजींनी सबब सांगितली नाही. हेडफोन काढून गल्ल्यावर ठेवला, आठ नव्या वाट्या घेतल्या आणि कृष्णकांतांच्या समोर बसून नावं टाकली. प्रत्येक वाटी कृष्णकांतांनी वाचून घेतली. नत्थूजींची माफीही त्यांनी ऐकून घेतली, पण माफ केलं असं म्हणाले नाहीत.

ते गेल्यावर बापूजींनी हेडफोन ड्रॉवरमध्ये टाकला. "नत्थू, माणसाच्या मायचं नाव हाय ते. पुन्हा बाकड्यावर हे दिसलं, तं मशीन दुसऱ्याले देईन."

"बराबर हाय, बापूजी," नत्थूजी म्हणाले.

घरी मयुराने सगळं ऐकलं. ते पुस्तक तिने आधीच ऐकलेलं होतं. "बाबा, तुम्ही तिले कैलासवासी करून टाकलं," ती म्हणाली. "ती तं शेवटी जिवंत निघते!"

"सांगतलं काहून वं?" नत्थूजी चिडले. वाट्या चुकल्याचं दुःख वेगळं आणि हे वेगळं.

खात्यात दहा क्रेडिटं पडून होती, म्हणजे दहा पुस्तकं, आणि ती ऐकायला जागा उरली नव्हती. पण नत्थूजींना क्रेडिटांपेक्षा बाकड्यावरचे आठ तास जड जाऊ लागले. पुस्तकांच्या आधी अठ्ठावीस वर्षं ते फक्त मशीनच्या आवाजात बसले होते आणि त्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. आता वाटत होतं. "पह्यले मले मालूमच नव्हतं का हे रिकामं हाय," ते सांगतात.

दुसरा कुणी असता तर रुसला असता, नाहीतर मालकाची नजर चुकवून पुन्हा हेडफोन घातला असता. नत्थूजींनी पंधरा दिवस वाट पाहिली आणि बापूजींकडे मोडीतली झाकणं मागितली. गिऱ्हाइकं नवीन भांडं घेताना जुनं मोडीत देतात. त्यातली चेपलेली झाकणं गोदामात पडलेली असतात.

"काय करतेस त्याचं?"

"नावं टाकतो. जेवणाच्या सुट्टीत, गोदामात. कानात पुस्तक लावून. किती चुकते ते पाहाचं हाय."

बापूजींनी थोडा विचार केला. "मोडीचं काय नुकसान व्हाचं हाय? कर."

पुढचा महिनाभर नत्थूजी दहा मिनिटांत डबा संपवून, मशीन आणि मयुराचा जुना हेडफोन घेऊन गोदामात बसत. जुन्या चिठ्ठ्यांच्या पेटीतून दहा चिठ्ठ्या काढायच्या आणि एका झाकणावर दहा नावं टाकायची. प्रत्येक झाकणाला कानात वेगळं पुस्तक. आतल्या बाजूला खडूने पुस्तकाचा प्रकार लिहायचा आणि झाकण त्याच्या चिठ्ठ्यांसकट बांधून ठेवायचं. अशी अठ्ठावीस झाकणं झाली.

ती त्यांनी बापूजींपुढे ठेवली. बापूजी त्र्याहत्तर वर्षांचे आहेत आणि कुणाच्या तोंडी हिशेबावर विश्वास ठेवत नाहीत. दोन दिवस दुपारी चष्मा लावून त्यांनी चिठ्ठी आणि झाकण, चिठ्ठी आणि झाकण असं सगळं स्वतः ताडून पाहिलं. नव्या रहस्यकथांची सहा झाकणं होती आणि त्यांत नऊ चुका. नव्या कौटुंबिक कादंबऱ्यांत चुका कमी, पण कथेतलं भांडण रंगलं की नाव हमखास बिघडलेलं. चरित्रं सगळ्यांत वाईट निघाली, कारण त्यांत पानोपानी नावंच असतात. आरोग्यावरच्या भाषणांच्या झाकणांवर एकही चूक नव्हती, मात्र अक्षरं खाली घरंगळत गेली होती.

"हे असं काहून?"

"झोप येत होती, बापूजी."

शेवटची दहा झाकणं वेगळी बांधलेली होती. त्यांवर शंभर नावं होती, अक्षर सरळ होतं आणि चूक एकही नव्हती. आत खडूने लिहिलं होतं, 'आधी ऐकलेलं'.

बापूजींनी ती पुन्हा पहिल्यापासून तपासली. "एकडाव आयकलेलं पुन्हा काहून आयकतेस गा?"

"पह्यल्यांदा पुढं काय होते ते आयकतो," नत्थूजी म्हणाले. "तेव्हा जीव तिकडं लागून राह्यते. दुसऱ्यांदा जीव जागेवर राह्यते. मंग कसं सांगतलं ते आयकू येते."

"तुझी बायको तीस वर्षं तेच ते सांगून राहिली. ते आयकतेस का?"

"तिचं पह्यल्यांदाच पुरं नाई झालं अजून."

बापूजी हसले, पण त्यांनी ड्रॉवर लगेच उघडला नाही. त्यांची अडचण खरी होती. आठवड्यावर दसरा होता, पुढे धनत्रयोदशी, आणि त्या दोन दिवसांत चारशेच्या वर नावं पडतात. त्यांनी विचारलं, "अन् नवीन पुस्तक आलं तं? ते कुठं आयकशील? बाकड्यावरच ना?"

याचं उत्तर नत्थूजींनी तयार ठेवलं होतं. नवं पुस्तक बसमध्ये ऐकायचं. सायकल सोडायची. हुडकेश्वरहून येताना पन्नास मिनिटं आणि जाताना पन्नास मिनिटं. बसमध्ये पुरं ऐकून झालं, तरच ते बाकड्यावर येईल. आणि एक अट त्यांनी स्वतःहून घातली. चिठ्ठीवर 'कै.' असेल, तर हेडफोन बाजूला, दोन्ही कान मोकळे. पुस्तक कोणतंही असो, कितव्यांदाही असो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हेडफोन परत मिळाला.

पहिला आठवडा बापूजींनी प्रत्येक भांडं वाचून पाहिलं. धनत्रयोदशीच्या गर्दीत दहातलं एक पाहिलं. चूक सापडली नाही. नोव्हेंबरात त्यांनी पाहणं सोडलं. कधी सोडलं, हे त्यांनाही सांगता येत नाही.

त्या झाकणांची गोष्ट मात्र गल्लीत पसरली आणि लोक नत्थूजींना पुस्तकं विचारू लागले. त्यांचं सांगणं ऐकण्यासारखं असतं. तुम्हाला काय आवडतं, असं ते कुणालाही विचारत नाहीत. ऐकताना हात काय करत असतात, एवढंच विचारतात. माल उतरवायला येणारा टेम्पोवाला विक्की एकदा बाकड्याशी उभा राहिला.

"काका, आपल्याले एखादं मर्डरवालं सांगा ना."

"कधी आयकशील?"

"गाडीत. दिवसभर गाडीतच राह्यतो."

"चालत्या का उभ्या?"

"दोन्ही."

"मर्डर उभ्या गाडीत, माल उतरून राहिला तवा. चालत्या गाडीत कोनाचाच मर्डर नाई पाह्यजे."

विक्कीला त्यांनी वीस-वीस मिनिटांच्या कथांचा एक संग्रह सांगितला. एका गाडीचा माल उतरायला साधारण तेवढाच वेळ लागतो. पोळ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका बाईंना लांबलचक कौटुंबिक कादंबरी सुचवली, कारण पोळी लाटताना नाव चुकायची भीती नसते. हातगाडी ओढणाऱ्या देवाजींना त्यांनी काहीच सांगितलं नाही. "तुले दोन्ही कान मोकळे पाह्यजे," म्हणाले. "घरी जाऊन आयक." फुकटच्या महिन्यात घाईने क्रेडिट उडवू नका, घरच्या वायफायवर पुस्तक उतरवून घ्या, ऐकायला वेळ नसेल त्या महिन्यात सबस्क्रिप्शन थांबवता येतं का ते बघा, असंही ते सांगतात. ज्यांचं सबस्क्रिप्शन नुसतं पडून आहे, त्यांना ते बंद करायला सांगतात. ॲपवाल्यांना हे आवडणार नाही, पण नत्थूजींचं त्यांच्याशी नातं गिऱ्हाइकाचं आहे.

या जूनमध्ये सबस्क्रिप्शनचं वर्ष संपलं. बाराही क्रेडिटं वापरून झाली होती. मयुराने नवी योजना काढून दाखवली. त्यात क्रेडिट वगैरे काही नाही, हवं तेवढं ऐका.

"बाबा, हे घेऊ. मोजायची कटकट नाई."

"एका पुस्तकाले मले दोन फेऱ्या लागतात," नत्थूजी म्हणाले. "हवं तेवढं घेऊन करू काय? बारा पुरते."

"वर्षभरात बाराच?"

"चोवीस वं. एकेक दोनदा."

तिने जुनंच सबस्क्रिप्शन पुढे चालू केलं. नत्थूजींनी चार दिवस जेवणाच्या सुट्टीत, मशीन नुसती चालू ठेवून नमुने ऐकले आणि पाचव्या दिवशी एकोणतीस तासांचं एक पुस्तक घेतलं. बसच्या अठरा दिवसांत ते पुरं झालं. सध्या ते बाकड्यावर आहे.